डाव्या कुशीवर वळलं की ठोका चुकतो

प्रश्न नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा आहे. वय ५४. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला, स्तन काढावं लागलं. मग आठ केमो झाल्या, त्यातल्या पहिल्या चार ‘लाल औषधाच्या’. त्यानंतर १५ दिवस लाईट, म्हणजे रेडिएशन, आणि आता रोज लेट्रोझोल या हार्मोन कमी करणाऱ्या औषधाची एक गोळी. केमो चालू असताना छाती सारखी धडधडायची. ती धडधड गेली, पण वर्षभरापासून वेगळंच सुरू झालंय. रात्री डाव्या कुशीवर वळलं की ठोका चुकतो, क्षणभर सगळं थांबल्यासारखं होतं आणि मग छातीत धस्स होतं. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली, पंपिंग ६० टक्के. अंगावर बांधून चोवीस तास ठोके नोंदवणारं यंत्र, होल्टर, लावलं, त्यात ६४० जादा ठोके निघाले, सगळे सुटे सुटे. हिमोग्लोबिन, थायरॉईड, पोटॅशियम ठीक. डॉक्टर म्हणाले, काही नाही. ताई विचारतात, “काही नाही, तर मग होतंय ते काय? रात्री बोटाला ऑक्सिमीटर लावला तर पल्स ३८ दाखवतो. आणि यंदा श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करायची होती, ती सोडूनच द्यायची का?”

ताई, ‘काही नाही’ हे शब्द आम्ही डॉक्टर मंडळी फार स्वस्तात वापरतो. आम्हाला म्हणायचं असतं की धोक्याचं काही नाही. तुम्हाला ऐकू येतं की तुम्हाला काही होतच नाहीये, मनाचे खेळ आहेत. होतंय ना! होल्टरच्या कागदावर ते ६४० वेळा उमटलंय. तेव्हा आधी ते काय आहे ते सांगतो, फेरीचं शेवटी बोलू.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोक्याची ठिणगी पाडणारी एक छोटी गाठ असते... गाठ नको, तुमच्याशी बोलताना तो शब्द उगाच काळजात रुततो. पेशींचा पुंजका म्हणू. तो मिनिटाला साठ-सत्तर वेळा ठिणगी टाकतो आणि त्या तालावर सगळं हृदय चालतं. पण हृदयाच्या इतर पेशींनाही ठिणगी टाकता येते, आणि कधीतरी त्यातल्या एखादीला घाई होते. ती आपला ठोका मधेच मारून मोकळी होते. तेव्हा हृदय रक्ताने पुरतं भरलेलं नसतं, म्हणून हा ठोका पोकळ निघतो आणि बहुतेक वेळा जाणवतही नाही. त्यानंतर हृदय थोडं जास्त थांबतं. तुम्हाला ‘सगळं थांबलं’ वाटतं ते हेच. या थांबण्यात ते नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात पडतो. धस्स होतं ते या ठोक्याने, आणि हा ठोका अगदी नियमातला असतो. नाशिक ढोल ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. पथकातल्या एखाद्या पोराने टिपरू जरा आधी मारलं की सगळे क्षणभर थबकतात आणि पुढची थाप दणक्यात पडते. ओपीडीत मी हे टेबलावर बोटांनी वाजवून दाखवतो. टक, टक, टक-टक... टक्क! “हां, हेच होतं” असं म्हणून पेशंट हसतो, आणि माझं अर्धं काम तिथंच होतं.

आता डावी कुस. त्या कुशीवर वळलं की हृदय बरगड्यांच्या आणखी जवळ सरकतं. कान उशीत असतो, घर निजलेलं असतं, आणि रात्री ठोके सावकाश पडत असल्यामुळे मधल्या जागेत जादा ठोक्याला शिरायला वाव मिळतो. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी सहसा कोणी सांगत नाही. डावं स्तन काढल्यावर हृदय आणि बाहेरचं जग यांच्यात असलेला मऊ थर गेलेला असतो. ठोका आता थेट कातडीखाली लागतो, काही बायकांना तर आरशात तो उडताना दिसतो. ठोका वाढलेला नाही, आडोसा गेलाय. हे ऑपरेशनच्या आधीच कोणीतरी सांगायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं.

६४० हा आकडा ऐकायला मोठा आहे. पण हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके मारतं. त्यात ६४० म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. धडधाकट माणसांना चोवीस तास होल्टर लावला तरी निम्म्याच्या आसपास लोकांत असे थोडेफार ठोके सापडतात, त्यांना पत्ताही नसतो. मलाही होतात. जागरण झालं, वर तीन कप चहा झाला की हमखास. आम्ही काळजी करायला लागतो ते एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दिवसाला दहा हजारांच्या घरात गेले तर. कारण इतके जादा ठोके वर्षानुवर्षं पडत राहिले तर पंपिंग कमी होऊ शकतं. शिवाय ते लागोपाठ गटाने येतात की एकेकटे, हे बघतो. तुमचे एकेकटे आहेत. (होल्टर अंगावर घेऊन झोपता आलं नाही अशी तक्रार बहुतेक जण करतात. नॉर्मन होल्टर या अमेरिकन माणसाने १९४०च्या दशकात पाठीवर वाहायचं पहिलं यंत्र केलं ते अडतीसएक किलोचं होतं. तुम्हाला मिळालं ते मोबाईलपेक्षा लहान.)

मग ३८चं काय? ताई, तो ऑक्सिमीटर कोविडपासून घराघरात पडून आहे आणि त्याने जितके लोक वाचवले तितकेच पुढे घाबरवलेत. त्याला हृदय दिसत नाही, बोटाच्या टोकाशी पोचलेली रक्ताची लाट तेवढी दिसते. जादा ठोका पोकळ असतो, त्याची लाट बोटापर्यंत येत नाही. एकाआड एक ठोका जादा पडत असेल तर हृदय ७६ ठोके मारतं आणि यंत्र ३८ मोजतं. असे पेशंट रात्री दोन वाजता नातेवाइकांसह कॅज्युअल्टीत येतात, सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक, आणि ईसीजीच्या पट्टीवर ठोके मोजले तर पुरते भरतात. ब्लडप्रेशरच्या यंत्रावर वाकड्यातिकड्या हृदयाचं चित्र येतं तेही बहुधा याच कारणाने. हाताला बांधायच्या घड्याळांचं म्हणाल तर एट्रियल फिब्रिलेशन नावाचा, हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याचा खरा गोंधळ पकडायला ती उपयोगी पडतात, पण सुट्या ठोक्यांना ‘निदान करता आलं नाही’ असं काहीतरी लिहून मोकळी होतात, आणि माणूस रात्रभर तीच ओळ वाचत बसतो. मात्र खरोखर भोवळ येत असेल, डोळ्यापुढे अंधारी येत असेल आणि आकडा कमी असेल, तर यंत्राला दोष देत घरी बसू नका, ईसीजी काढा.

केमोच्या दिवसांतली धडधड मात्र या गोष्टीपेक्षा वेगळी होती. ती चुकणारी नसून पळणारी असावी, मिनिटाला शंभर-एकशेदहा, तालात. यातला फरक मी स्वतः ठेच लागून शिकलोय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एक बाई तिसऱ्या केमोनंतर धडधडीची तक्रार घेऊन आल्या. मी नाडी पाहिली, चेहऱ्यावरचा घोर पाहिला आणि म्हणालो, “टेन्शन घेऊ नका.” चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या तेव्हा जिना चढताना मधे दोनदा बसल्या होत्या. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. पापणी खाली ओढून पाहायला मला पाच सेकंद लागले असते. तेव्हापासून उपचार चालू असलेल्या माणसाला ‘टेन्शन’ हा शब्द मी सगळ्या तपासण्या हातात आल्याशिवाय उच्चारत नाही.

उपचार चालू असताना हृदय पळतं त्याला बहुधा कारण असतं आणि ते बहुधा हृदयाबाहेर असतं. रक्त कमी झालेलं असतं. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी आटलेलं असतं, सोबत पोटॅशियम, मॅग्नेशियमही जातं. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिलं असेल तर मॅग्नेशियम लघवीवाटे महिनोन्‌महिने गळत राहतं. केमोच्या आधी-नंतर उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉईड देतात, त्याने पहिले दोन-तीन दिवस झोप उडते, गाल लाल होतात, छाती धडधडते आणि मग आपोआप शांत होते. केमो देण्यासाठी छातीत पोर्ट किंवा दंडातून पिक लाईन नावाची नळी घातली असेल आणि तिचं टोक हृदयाच्या कप्प्याला टेकत असेल तर त्याच्या गुदगुल्यांनी जादा ठोके येतात, एक्सरे काढून टोक थोडं मागे घेतलं की थांबतात. आणि ताप. ताप एक अंश सेल्सियस चढला की ठोके साधारण दहाने वाढतात. केमो चालू असताना १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर धडधडीचा विचार बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठायचं, क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना एक रात्र फार मोठी असते.

एक अपवाद ठळक करून ठेवतो. फाइव्ह-एफयू या केमोच्या औषधाचं सलाईन किंवा त्याचीच गोळी, कॅपेसिटाबीन, चालू असताना छातीत आवळल्यासारखं दुखलं तर पुढची गोळी घ्यायची नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं. त्या औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसू शकतात. तुम्हाला ते नव्हतं, पण हे वाचणाऱ्या कोणाला तरी असेल.

तुमच्या लाल औषधाबद्दल बोलतो, कारण मनात खरी भीती त्याचीच असणार. ते डॉक्सोरुबिसिन, आणि ते हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतं हे खरं आहे. ही इजा एकूण किती औषध अंगात गेलं यावर बरीच अवलंबून असते. नेहमीच्या पद्धतीत शरीराच्या दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम असे चार डोस देतात, म्हणजे एकूण २४०. धोका झपाट्याने वाढतो तो ४०० ओलांडल्यावर. ५५० ही जुनी मर्यादा, आता बरेच डॉक्टर ४५०लाच हात आखडतात. २४०ला धोका शून्य नाही, म्हणूनच तुमचा इको केला, आणि ६० टक्के हे उत्तम पंपिंग आहे. तुमच्या फाइलमध्ये डिस्चार्ज कार्डावर हा एकूण आकडा आहे का पाहा. नसेल तर ऑन्कॉलॉजिस्टकडून लिहून घ्या आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. दहा वर्षांनी कोण्या नव्या डॉक्टरला तो लागेल, तेव्हा शोधाशोध करून मिळणार नाही. डाव्या बाजूला लाईट घेतलेल्यांनी ब्लडप्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल यांच्याकडे इतरांपेक्षा कडक लक्ष ठेवायचं, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांवरचा परिणाम दिसायला वर्षं जातात. ज्यांना ट्रॅस्टुझुमॅब (स्तनाच्या काही कॅन्सरमध्ये देतात ते इंजेक्शन) चालू आहे त्यांचा इको साधारण दर तीन महिन्यांनी होतो. तो धडधडत नसेल तरीही चुकवायचा नाही.

मग गोळी का दिली नाही? हे अनेक जण विचारतात, थोडे रागानेच. गोळीने ठोके दाबता येतात. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ‘कास्ट’ नावाची मोठी चाचणी झाली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांचे जादा ठोके औषधाने दाबले तर जीव वाचतील अशी सगळ्यांची खात्री होती. ठोके दबले, पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले, आणि १९८९मध्ये दोन औषधं मधेच बंद करावी लागली. तेव्हापासून आमची पिढी नुसती ईसीजीची पट्टी साफ दिसावी म्हणून औषध देत नाही. जादा ठोक्यांनी जगणंच नकोसं होत असेल तर मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकरची छोटी गोळी देतो. ती ठोका गाळत नाही तितकी त्याचा जोर कमी करते. पण त्याने थकवा येतो, आणि केमोचा थकवा अजून अंगात असलेल्या बाईला तो परवडतोच असं नाही. दमा असेल तर आणखी विचार. ठरवायचं तुम्ही आणि तुमच्या डॉक्टरांनी.

घरातल्या गोष्टींपैकी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तुमचं औषधांचं कपाट. सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची कॅप्सूल घ्यायची सवय केमोत लागते आणि नंतर कोणी ती बंदच करत नाही. पँटोप्राझोल वर्षभर घेतलं तर मॅग्नेशियम उतरू शकतं. त्यात जोडीला डॉम्पेरिडोन असेल तर ते ठोक्याच्या विजेच्या वेळापत्रकात ढवळाढवळ करतं. उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन, ॲझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिकंही त्याच जातीची. एकेकटी चालतात, तीन-चार एकत्र आली की गडबड. म्हणून सर्दी-खोकल्यासाठी गल्लीतल्या डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांची यादी न्या, आणि मेडिकलवाल्याकडून नाक मोकळं करायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका, तिनेही हृदय पळतं. काढा घेता का? कॅन्सर झाल्यावर कोणी ना कोणी काढा आणून देतंच. त्यात ज्येष्ठमध भरपूर असेल आणि रोज घेतला जात असेल तर पोटॅशियम घटतं आणि ठोके चुकायला लागतात. निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टींत मला हे सगळ्यात जास्त वेळा सापडलंय. द्राक्षांबद्दल आपल्याकडे सारखं विचारतात. गोळ्यांशी भांडतं ते ग्रेपफ्रूट नावाचं पपनशीसारखं आंबट फळ, आपली द्राक्षं नव्हेत. निफाडची द्राक्षं खुशाल खा. त्याच द्राक्षांच्या वाईनचं मात्र म्हणू शकत नाही. वाईनच्या गावात बसून लिहितोय खरं, पण दारूने ठोके बिघडतात आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो, तेव्हा तुमच्यासाठी ती नसलेलीच बरी.

चहा प्रत्येकाला सारखा बाधत नाही. दोन आठवडे दुपारी चारनंतरचा बंद करून पाहा. फरक पडला नाही तर उगाच मन मारू नका. रात्रीचं जेवण मात्र झोपेआधी दोन-तीन तास आटपा. ‘गॅस वर चढला’ म्हणतात ते अगदी खोटं नाही, पोट फुगलं की हृदयाकडे जाणाऱ्या नसेला डिवचलं जातं. लेट्रोझोलने अंगातून गरम वाफा येतात, त्या वाफेसोबत मिनिटभर छाती धडधडते, तीही त्यातलीच. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

रात्री धस्स झालं की उजव्या कुशीवर वळा किंवा उठून बसा. श्वास घ्यायला चार अंक, सोडायला सहा-सात अंक, असं पाच मिनिटं. मनगटावर बोट ठेवायचं नाही. हेच अवघड आहे. मोजायला लागलं की भीती वाढते, भीतीने अंगात ॲड्रेनॅलिन सुटतं आणि त्याने ठोके आणखी चुकतात. स्कॅनच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात हे दुप्पट होतं, माझ्या बहुतेक पेशंटचं होतं. घरच्यांनाही सांगा. तुम्ही छातीवर हात नेला की सून, मुलगा, यजमान तिघं एकदम “काय झालं?” विचारत असतील तर ते प्रेमच आहे, पण त्याने प्रत्येक ठोक्याची बातमी होते.

आता या सगळ्यातून बाहेरचं काय, ते सांगतो. शुद्ध हरपणं किंवा हरपता हरपता सावरणं. छातीत दाब, दुखणं. बसल्या जागी दम लागणं, आडवं पडलं की गुदमरणं, उशा वाढवाव्या लागणं, दोन्ही पाय सुजणं. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं आणि त्यासोबत दम लागणं, कारण कॅन्सरमध्ये रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण जास्त असतं. शांत बसलेलं असताना पंधरा-वीस मिनिटं ठोके १२०च्या वर, किंवा नाडीला कसलाच ताल नाही. यातलं काही झालं तर १०८ला फोन करा, आणि रिक्षाने एकट्या जाऊ नका. आणि बटण दाबल्यासारखी धडधड सुरू होऊन तशीच बंद होत असेल तर ती सांगा, होल्टरमध्ये सापडली नसली तरी तो वेगळा आजार असतो आणि त्याला चांगला उपाय आहे.

ब्रह्मगिरीची फेरी. छोटी म्हटली तरी वीस किलोमीटरच्या घरात जाते, चिखल, चढ, आणि श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी माणसांचा पूर. तुमचं हृदय त्याला नाही म्हणत नाहीये. पाय आणि फुप्फुसं म्हणतील, कारण दोन वर्षांत तुम्ही फार कमी चालला असणार. हल्ली जिना चढल्यावर ठोके पळत असतील तर तेही बहुधा याचमुळे, वापर नसलेलं हृदय थोड्या कामाला जास्त धावतं. आजपासून रोज वीस मिनिटं चाला, दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. गोदापार्कला चाला नाहीतर तुमच्याजवळच्या जॉगिंग ट्रॅकला, पण बोलता येईल अशा वेगाने. महिन्या-दीड महिन्याने पांडवलेणीच्या पायऱ्या चढून पाहा. वर पोचल्यावर गप्पा मारता आल्या, भोवळ नाही, छातीत दुखलं नाही, तर फेरीआधी एकदा तुमच्या डॉक्टरांना सांगून जा. तिसरा सोमवार टाळून आधीमधी एखाद्या साध्या दिवशी, पहाटे, सोबत कोणी तरी घेऊन. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात त्या हातावर पिशवीचं ओझं नको. बाटलीत ओआरएस, पदरात राजगिऱ्याचे लाडू. चढाला ठोका चुकेलही, तेव्हा दगडावर दोन मिनिटं टेका आणि पुढे चला. ऑक्सिमीटर घरीच राहू द्या.